तीन डोलकाठ्यांची तीन नावं कोणती?

शीडवेडा: एकोणिसाव्या शतकातली शिडाची जहाजं हा माझा जुना नाद. पुस्तक असो की सिनेमा, जहाज आलं की मी गोष्ट सोडून दोर मोजत बसतो. सध्या ‘मोबी डिक’मधले (1851) काही उतारे हौसेनं मराठीत आणतोय आणि अडलोय ते कप्तान अहॅबच्या नाण्यापाशी. पांढरा देवमासा जो आधी दाखवील त्याच्यासाठी तो सोळा डॉलरचं सोन्याचं नाणं मधल्या डोलकाठीवर हातोड्यानं ठोकतो. मी ‘मुख्य डोलकाठी’ लिहिलं. मामाला वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, “मुख्य हा कचेरीतला शब्द. मोठी काठी म्हण.” या तिघींना आपल्याकडे वेगळी नावं होती का? मुख्यतः सगळ्यांत मागच्या, ठेंगण्या काठीला?

अमरकोशी: ‘कूपको गुणवृक्षकः’ असं अमरकोशात आहे. गुण म्हणजे दोरी. दोरांचं झाड! इतका देखणा शब्द घरात असताना डोलकाठी कशाला? अग्र, मध्य, पश्च लावा, तिन्ही नावं तयार.

खाडीपलीकडचा: शब्द देखणा आहे, मान्य. पण “अहॅबने मध्यगुणवृक्षावर नाणे ठोकले” मोठ्याने वाचा. हातोडा ऐकू येत नाही. लाटेबरोबर डोलते ती डोलकाठी, एवढं साधं आहे.

बंदरकाठ: तेवढं साधं नसावं. डोलकाठीला अरबीत आणि फारसीत ‘दकल’ म्हणतात. आपल्याकडच्या खलाशांच्या हिंदुस्तानीत तिचंच नाव नुसतं ‘डोल’. त्या बोलीचा कोश टॉमस रोबकने 1811 मध्ये कलकत्त्यात छापला. पुढची त्रिकट, मधली बडा, मागची कलमी. माझा कयास असा की आपण ‘डोल’ला ‘काठी’ जोडली ती पावरोटीसारखी. पाव म्हणजेही रोटीच.

वेसावकर: डोल म्हणजे जाळं! लांबलचक पिशवीसारखं, भरती-ओहोटीच्या धारेत तोंड करून खांबांना बांधतात. बोंबील, जवळा त्यातच मिळतो. डोलकर म्हणजे डोल लावणारा. गाण्यांमुळे लोकांना तो होडीत डोलणारा वाटतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

अमरकोशी: मग डोलकाठी या जाळ्याच्या खांबावरून आली असेल?

वेसावकर: नाही. तो खांब समुद्रात रोवलेला, ही काठी होडीवर. आमच्या घरी दोन्हींची गल्लत कुणी केली नाही.

अमरकोशी: सुकाणू अरबी, नाखवा फारसी, आरमार पोर्तुगीज, आता डोलही परका. समुद्रावर मराठीचं म्हणून काही राहू द्याल की नाही?

बंदरकाठ: तीन-चारशे वर्षं आपल्या माणसांच्या तोंडात राहिलेला शब्द परका कसा? अरबांबरोबर व्यापार केला, पोर्तुगीजांशी लढलो, त्याची ही कमाई आहे.

हार्टलपूलहून: मूळ विषयाच्या जवळचं एक सांगते. ‘त्रिंकोमाली’ हे जहाज इथे उभं आहे, मी दोनदा पाहिलं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलं, 1817 मध्ये पाण्यात उतरलं. ब्रिटनमधलं अजून तरंगणारं सगळ्यांत जुनं लढाऊ जहाज. बांधणी सागवानी. आतल्या फळीवर तळवा टेकवला आणि आजोळच्या देवघराची चौकट आठवली. वर पाहिलं तर तीन डोलकाठ्या, दोरांची जाळी. अमरकोशी, तेव्हा तुमचं ‘दोरांचं झाड’ माहीत असतं तर मुलाला सांगितलं असतं.

खाडीपलीकडचा: आमच्या आजोबांच्या गलबताला दोन काठ्या होत्या. पुढची मोठी, तिला नुसतं काठी म्हणत. मागची धाकटी ती कलमी. मी लहान असताना तिच्या बुडाशी बसायचो.

शीडवेडा: म्हणजे रोबकचीच कलमी! नाणं आता ‘मोठ्या काठी’वर ठोकतो. पण कलमी ही काठी की तिच्यावरचं शीड? अहॅबच्या जहाजावर, पेक्वॉडवर, मागच्या काठीची शिडंही उतरवायची आहेत, तिथे घोटाळा होईल.

अमरकोशी: कलमी म्हणजे कलम केलेली, कापून आखूड केलेली, असं असेल का?

वेसावकर: ते राहू द्या. डोलकरचा अर्थ शब्दकोशात कोण दुरुस्त करणार, ते आधी ठरवा.