लस टोचायच्या आधीच बाळाला तापाचं औषध द्यावं का?

सोनसाखळी: उद्या लेकीची दीड महिन्याची लस. पेंटाव्हॅलेंट, पोलिओ, रोटा, न्यूमोकोकल, सगळं एकाच दिवशी. सासूबाई म्हणतात, निघायच्या आधीच पॅरासिटामॉल पाजून ने, म्हणजे पोर रडणार नाही. घरात थोरल्याची सिरपची बाटली आहे. जाऊबाई लंडनला असतात, त्यांना तर तिथल्या नर्सनेच द्यायला सांगितलं होतं. वजन साडेचार किलो. देऊ का?

उपकेंद्रातली मावशी: अगं, आधी नको देऊस. एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली नर्स म्हणून नोकरी केली, निम्मी हयात मांड्यांवर सुया टोचण्यात गेली. या औषधाने सुईचं दुखणं कमी होत नाही, पोर रडायचं ते रडतंच. दुसरं म्हणजे, चेक प्रजासत्ताकातल्या तान्ह्या बाळांवरचा एक अभ्यास २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. ताप यायच्या आधीच पॅरासिटामॉल दिलेल्या बाळांना ताप कमी आला, पण काही लशींची प्रतिपिंडंही, म्हणजे रोगाशी लढणारे रक्तातले घटक, कमी तयार झाली. फार कमी नव्हे, घाबरू नकोस. पण विनाकारण कशाला?

लंडनची गोष्ट वेगळी. तिथे मेनिंजायटिस बी ची लस देतात, तिने ताप फार येतो, म्हणून तिच्यासोबत देतात. आपल्या सरकारी वेळापत्रकात ती लस नाही.

आणि ती थोरल्याची बाटली आधी बाजूला ठेव. बाळाच्या ड्रॉप्समध्ये बहुधा १ मिलीत १०० मिग्रॅ असतं. सिरपमध्ये ५ मिलीत कुठे १२०, कुठे २५०. थेंबांचं माप चमच्याने घेतलं की घोटाळा झालाच. मात्रा किलोमागे १० ते १५ मिग्रॅ, दोन मात्रांत चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. पण तुझी लेक दोन महिन्यांचीही नाही, तेव्हा किती मिली ते उद्या तिथेच कार्डावर लिहून घे.

टोचताना पदराखाली घे. अंगावर पिणारं पोर लवकर शांत होतं, सासूबाईंनाही पटेल.

बाबा_नाशिककर: मेडिकलवाल्याने 'जोरदार' म्हणून दुसरं काही हातात दिलं तर घेऊ नका. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ पासून बंदी आहे. ॲस्पिरिन तर नाहीच. आम्ही खासगीत 'पेनलेस' घेतली, ताप आला नाही.

उपकेंद्रातली मावशी: पेनलेस नाव नुसतं, सुई तीच! तिच्यात डांग्या खोकल्याचा जंतू अख्खा नसतो, म्हणून ताप कमी येतो. अख्ख्या जंतूच्या सरकारी पेंटाव्हॅलेंटचं संरक्षण मात्र जास्त टिकतं. ऐपत आहे म्हणून घेतलीत तर ना नाही.

सोनसाखळी: मावशी, बाटली पाहिली, ५ मिलीत २५० निघालं. कपाटात वर ठेवलीय. मांडीला गाठ आली तर शेकायचं का? सासूबाईंनी हळद-चुना काढूनच ठेवलाय.

उपकेंद्रातली मावशी: हळद भाजीत घाला म्हणावं. शेकायचं नाही, चोळायचं नाही. गार पाण्याची ओली घडी ठेवलीस तर चालेल. बारीक गाठ काही आठवडे राहते, तिच्याकडे बघायचंही नाही. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बस. संध्याकाळी अंग कोमट लागेल, थर्मामीटर लाव, नुसता हात लावून ठरवू नकोस. तीन तास सलग रडली, दूध सोडलं, मलूल पडली, झटके आले किंवा ताप दोन दिवसांवर गेला तर वाट बघू नकोस, दाखव. आणि दहाव्या आठवड्याची तारीख घेतल्याशिवाय निघू नकोस.