कोल्हापूर: दोन प्रयोगांच्या मधल्या वेळेत चौघांनी कुठे जेवावं? (शाहू स्मारक ते देवल क्लब)

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवारी आम्ही चौघं गडहिंग्लजहून कोल्हापूरला नाटकं बघायला येतोय. दुपारी तीनला दसरा चौकात शाहू स्मारकला एकांकिका आहेत, त्या सहापर्यंत आटोपतील. मग साडेआठला देवल क्लबच्या गोविंदराव टेंबे रंगमंदिरात दोन अंकी नाटक. तिकिटं काढून झाली आहेत. प्रश्न आहे तो मधल्या अडीच तासांचा.

अडीच तास ऐकायला भरपूर वाटतात. पण एकांकिका सुटल्या की ओळखीचे भेटणार, दारातच 'दुसरीचा शेवट पटला का हो?' सुरू होणार, म्हणजे साडेसहा तिथेच. पलीकडे तिसऱ्या घंटेआधी सासूबाईंना खुर्चीत नीट बसवायचंय, म्हणजे सव्वाआठ. यायला-जायला लागणारा वेळ वजा केला तर जेवायला जेमतेम सव्वा तास उरतो, आणि नेमका तोच वेळ कोल्हापुरात अडनिडा. नावाजलेले मिसळवाले दुपारीच आवरून मोकळे झालेले असतात. खानावळीत सातला डोकावलं तर 'बसा, भाकऱ्या व्हायच्यात' हे उत्तर ठरलेलं. मधल्या वेळात शहरभर मिळते ती भेळ, वडा आणि चहा. तिन्ही मला प्रिय आहेत, पण त्यावर रात्री अकरापर्यंत निभत नाही.

आता माणसांचं सांगते. सासूबाईंना शुगर आहे. संध्याकाळची गोळी घेतली की अर्ध्या तासात पोटात काहीतरी पडावंच लागतं, आणि ते काहीतरी म्हणजे भजी नव्हे. त्यातून शनिवार, म्हणजे सामिष नाही. तिखटही सोसत नाही. (सगळा जन्म कोल्हापूर जिल्ह्यात काढून तिखट सोसत नाही म्हणणाऱ्या त्या एकट्याच असाव्यात.) भाचा हॉस्टेलवर राहतो, त्याला कोल्हापूर म्हटलं की तांबडा-पांढऱ्याशिवाय दुसरं काही दिसत नाही. नवऱ्याचं म्हणणं, नाटक सुटल्यावर निवांत जेवू. मला काहीही चालेल, फक्त दुसऱ्या अंकात डुलकी लागू नये.

बजेट माणशी दोनशे, ताणून अडीचशे. राजारामपुरीत नणंद राहते, तिच्याकडे जा असं मात्र कृपा करून सुचवू नका. 'नुसता चहा कर गं' म्हटलं तरी ती कणीक मळायला घेते. तिसरी घंटा तिच्या स्वयंपाकघरातच वाजेल.

पूर्वी एवढा विचार करावा लागत नसे. केशवराव भोसलेला प्रयोग असला की खासबागची खाऊगल्ली शेजारीच. आधी खा, मध्यंतरात परत खा. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली त्यानंतर आमचं कोल्हापूरला नाटकासाठी येणंच कमी झालं, त्यामुळे आता कुठे काय चांगलं मिळतं याचा अंदाज राहिलेला नाही. देवल क्लबही खासबागलाच आहे हे माहीत आहे, म्हणजे खाऊगल्ली जवळच. पण सासूबाईंना उभ्याने खाता येत नाही. टेबल-खुर्ची हवी, पंखा असेल तर उत्तम, आणि मागवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ताट समोर यायला हवं.

कुणी अलीकडे हा द्राविडी प्राणायाम केला असेल तर सांगा.

प्रतिसाद: बिंदूचौकवाला

ताई, आधी हे सांगा, गाडी घेऊन येतासा का एसटीनं? गाडी असली तर दसरा चौकात एकदा लावली की नाटक सुटंपर्यंत हलवू नका. शनिवारी अंबाबाईला येणाऱ्यांची गर्दी असतीय, बिंदू चौकातल्या पार्किंगला रांग लागतीय. खासबागला गाडी घालून जागा हुडकत बसलासा तर जेवणाचा वेळ तिथंच गेला म्हणून समजा.

दसरा चौकातनं बिंदू चौक, तिथनं मिरजकर तिकटी, की आलंच खासबाग. आमच्या पायांनी पंधरा-वीस मिनिटं. सासूबाईंना घेऊन रिक्षाच करा.

खायचं म्हणाल तर राजाभाऊची भेळ. विषय संपला.

प्रतिसाद: विंगेतला

भेळेनं विषय संपत नाही, बाईंनी स्पष्ट लिहिलंय.

मी हौशी नाटकवाला आहे. कधी प्रकाशयोजना, कधी नुसतं नेपथ्य उचलणं. त्यामुळे 'प्रयोगाच्या आधी काय खावं' यावर बोलायचा थोडा अधिकार सांगतो. आमच्यात नट मंडळी प्रयोगाआधी भरपेट जेवत नाहीत. संध्याकाळी हलकं काहीतरी खायचं आणि पडदा पडल्यावर डबा उघडायचा. प्रेक्षकांनाही हेच लागू आहे. तांबडा, पांढरा, सुकं मटण, दोन भाकरी आणि वर भात असं जेवून अंधारात, थंड हवेत बसलात की पहिल्या अंकाच्या मध्यावर मान कलंडणारच. रंगमंचावरून पहिल्या तीन रांगा स्पष्ट दिसतात, हे घोरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

माझ्या मते चौघांनी एकाच ठिकाणी, एकाच वेळी जेवायचा हट्ट सोडा. सासूबाईंचं शाहू स्मारकच्या बाजूलाच उरका. दसरा चौकातून व्हीनस कॉर्नर, स्टेशन रोडकडे किंवा लक्ष्मीपुरीकडे चालत गेलात की उडुपी पद्धतीची साधी शाकाहारी हॉटेलं आहेत. त्यांचा फायदा हा की भटारखाना दिवसभर सुरू असतो. साडेसहाला गेलात तरी 'अजून व्हायचंय' ऐकावं लागत नाही. इडली लगेच येते, उत्तप्पा दहा मिनिटांत. चटणी बेताची, सांबार वेगळ्या वाटीत मागता येतं. बसायला बाक-टेबल, हात धुवायला बेसिन, आणि बऱ्याच ठिकाणी बरं स्वच्छतागृह. हे शेवटचं ज्येष्ठांना घेऊन फिरताना फार महत्त्वाचं असतं, पण कुणी लिहीत नाही.

गोळी आधी घेऊ नका. ताट टेबलावर आलं की मगच. शनिवारी संध्याकाळी गर्दीत वेटर कधी गायब होईल सांगता येत नाही.

प्रतिसाद: बिंदूचौकवाला

काय सांगायलाय राव. कोल्हापुरात येऊन इडली? ती गडहिंग्लजलाबी मिळती की.

मऊ, बिनतिखटाचंच पाहिजे असलं तर दावणगिरी लोणी डोसा घाला की आजींना. गाड्यावर नको, बसायची सोय असलेलीबी ठिकाणं हायत. ह्यो डोसा कडक कुरकुरीत नसतोय. जाडसर, जाळीदार असतोय, तव्यावर असतानाच वर पांढऱ्या लोण्याचा गोळा पडतोय आनि कडंनं वितळत खाली उतरतोय. संगट बटाट्याची पिवळी भाजी आनि खोबऱ्याची पांढरी चटणी. दात नसलेला माणूसबी खाईल. शंभराच्या आत पोट भरतंय.

प्रतिसाद: भाकरीवाली

डोसा, इडली, उत्तप्पा सगळं तांदळाचंच, आणि वर लोणी. शुगर असलेल्या बाईंना रात्रीचं मुख्य जेवण म्हणून मी तरी देणार नाही. त्यापेक्षा ज्वारीची भाकरी आणि पिठलं किंवा अख्खा मसूर असं मिळणारं शाकाहारी हॉटेल बघा. अख्खा मसूर करताना तिखट बेताचं टाकायला सांगता येतं, मटणाच्या रश्श्यात ते जमत नाही, तो सकाळीच उकळून तयार असतो. फक्त भाकरी थापून यायला वेळ लागतो, तेव्हा आत शिरतानाच भाकरी सांगायची आणि मग मेनू वाचत बसायचं. उलटं केलं की वीस मिनिटं गेली.

याहून सोपं सांगू का? माझी आई मधुमेही आहे. तिच्यासाठी मी घरूनच दशमी आणि कोरडी भाजी नेते. एकांकिका सुटल्यावर बाहेर आवारात कडेला बसून ती दहा मिनिटांत खाते. सभागृहात डबा उघडायचा नाही, एवढं पाळा. मग बाकीचे मोकळे. आई आमच्याबरोबर हॉटेलात येते आणि ताक पिते. तिची गोळी वेळेवर, आमचा रस्सा वेळेवर.

प्रतिसाद: धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. गाडी घेऊनच येतोय, दसरा चौकात ठेवायचं लक्षात ठेवते.

दशमीची कल्पना सासूबाईंना सांगितली. त्या म्हणाल्या, "नाटकाला जायचं आणि डबा खायचा, मग घरीच बसते की." तेव्हा डबा पिशवीत नेईन, पण हॉटेलात जायचंच, असा तह झालाय. विंगेतला, 'बरं स्वच्छतागृह' लिहिल्याबद्दल विशेष धन्यवाद, मी संकोचाने लिहिलं नव्हतं.

आता भाच्याचं. लक्ष्मीपुरीत पद्मा गेस्ट हाऊसचं मटणाचं ताट आम्ही पूर्वी जेवलोय, ते दसरा चौकातून जवळही आहे. पण या वेळापत्रकात आणि या बजेटात बसेल का? आणि नाटक सुटल्यावर जेवायच्या नवऱ्याच्या हट्टाचं काय करू?

प्रतिसाद: विंगेतला

नवऱ्याचं आधी. साडेआठचं नाटक वेळेवर सुरू झालं तर सुटायला अकरा. वेळेवर सुरू होणं ही आपल्याकडे नाटकापेक्षा मोठी घटना. त्यानंतर रिक्षा शोधून खानावळीशी पोचेपर्यंत तिथे खुर्च्या टेबलावर उलट्या ठेवायला घेतलेल्या असतात. बसस्थानकाच्या बाजूला काहीतरी मिळेल, पण 'काहीतरी' खायला कोल्हापुरात कशाला थांबायचं? शिवाय तुम्हाला गडहिंग्लज गाठायचंय. त्यांना मध्यंतरात वडा आणि चहा द्या, राग जातो.

बजेटचं म्हणाल तर चांगल्या ठिकाणचं मटण ताट आता तीनशेच्या खाली सहसा नाही, बऱ्याच ठिकाणी वरच. दोन उपाय आहेत. चिकन किंवा अंड्याचं ताट घ्यायचं, रस्से बहुतेक ठिकाणी तेच मिळतात. किंवा भाच्याचे शंभर जास्त गेले तर आजीचे शंभर वाचलेत, असा हिशेब मांडायचा. चौघांत मिळून हजारात बसतं. रस्सा पुन्हा पुन्हा वाढतात, त्याचे वेगळे पैसे सहसा घेत नाहीत. खरं ताट रश्श्याचंच असतं, मटणाचे तुकडे मोजत बसणारा माणूस बाहेरगावचा समजावा.

वेळेसाठी आदल्या दिवशी फोन करून विचारा, शनिवारी संध्याकाळचं पहिलं ताट कधी वाढता. सात म्हणाले तर जमलं. साडेसात म्हणाले तर भाच्याला दुपारी एकांकिकेच्या आधीच जेवू घाला. बाराला पोचून दीडला जेवण उरकलं की तीनपर्यंत अंग हलकं होतं. एकांकिकेत झोप लागली तरी अर्ध्या तासात नवी सुरू होते, फारसं बिघडत नाही. (माझ्या लेखक मित्रांनी हे वाचू नये.)

प्रतिसाद: भाकरीवाली

दुपारी रस्सा हीच सूचना मीही करणार होते. दुपारी खानावळी पूर्ण जोमात असतात, भाकरी तव्यावरून थेट ताटात येते. मग संध्याकाळी चौघांनीही हलकंच खावं आणि खासबागेत वेळेवर पोचावं.

प्रतिसाद: धागाकर्ती

हे पटलं. मग दुपारी लक्ष्मीपुरी, भाचा आणि नवरा रस्सा, आम्ही दोघी शाकाहारी, तिथे मिळालं नाही तर शेजारी कुठेतरी. संध्याकाळी सहा-साडेसहाला सासूबाईंची भाकरी. मग रिक्षाने खासबाग.

शेवटचं एक. सासूबाईंनी धागा वाचून घेतला आणि आता त्यांना भेळ खायचीय. तिखट न घालता देतात का? आणि बसायला काही?

प्रतिसाद: बिंदूचौकवाला

बघा, आजी शहाण्या हायत. पहिल्या प्रतिसादात सांगितलं हुतं.

मिरचीचा ठेचा वेगळा असतोय, 'ठेचा घालू नका' म्हणून आधीच सांगायचं. हात चालू झाल्यावर सांगून उपयोग न्हाई, त्यो हात थांबत नसतोय. चिंचंचं पाणीबी जरा कमी सांगा, गोड असतंय. चुरमुरं मऊ पडायच्या आत खायची, म्हणून बांधून घेऊन जागा हुडकायला जाऊ नका. बसायचं म्हणाल तर गाड्यापाशी स्टूल असलं तर असलं. गर्दीत भरवसा न्हाई. आजींना रिक्षातच बसवा, भेळ तिकडं न्या, रिक्षावाल्याला धा रुपय जास्त द्या. त्यालाबी एक पुडी दिलासा तर नाटक सुटल्यावर न्यायलाबी त्योच ईल.