मालगाडीवाल्यांची आठवडी सुट्टी खरंच सुट्टी आहे का?

भुसावळकर:
आमच्या गावात गल्लोगल्ली रेल्वेवाले, तरी हा हिशेब बाहेर कुणाला ठाऊक नसतो. मालगाडीच्या लोको पायलटला, म्हणजे ड्रायव्हरला, महिन्यात ३० तासांच्या चार किंवा २२ तासांच्या पाच विश्रांती. ऐकायला बरं वाटतं. पण मोठी ड्यूटी करून हेडक्वार्टरला, म्हणजे आपल्या मुक्कामी, आलं की १६ तास तसेही मिळतात, आणि प्रशासन ते या ३० मध्येच धरतं. म्हणजे सुट्टी उरली १४ तास. २२ वाली घेतली तर ६! लोको पायलट संघटना १६ अधिक ३०, असे ४६ मागते. यात जास्त काय मागितलं?

केळीवाला_रावेर:
भाऊ, आमचा केळीचा रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, दिल्लीला निघाला की वाटेतला प्रत्येक तास आमच्या अंगावर येतो. माल पिकायला लागतो, व्यापारी भाव पाडतो. सगळ्यांना ४६ तास दिले तर गाडी नेणार कोण? पगार आणि किलोमीटर भत्ता चांगलाच आहे की.

लाइनवाल्याची_बायको:
भत्ता मोजणाऱ्यांनी ड्यूटीच्या कॉलची वाट बघत एक महिना काढावा. मेल-एक्सप्रेसवाल्यांना लिंक असते, कधी कुठं जायचं ते आधी कळतं. मालगाडीला ते सुख नाही. लग्नाची पत्रिका आली की मी फक्त ‘बघू’ म्हणते. नातेवाइकांना वाटतं, हिला गर्व चढलाय.

निवृत्त_कंट्रोलर:
शिव्या खायच्या तयारीनं लिहितोय. नियम आहे: गाडीवर ९ तास, साइन ऑन ते साइन ऑफ, म्हणजे हजेरी लावल्यापासून सुटेपर्यंत, ११. पण मागून एक्सप्रेस आली की मालगाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घ्यावीच लागते, आणि दीपनगरच्या वीज केंद्राला कोळसाही हवाच असतो. तास भरत आले की बदली क्रू पाठवायचा, तो असला तर! भुसावळ-जळगाव तिसरी लाइन झाल्यावर गाड्यांना वाट मिळाली. इलाज लाइन वाढवण्यात आहे, सुट्टी वाढवण्यात नाही.

भुसावळकर:
साहेब, क्रू कमी आहे तर जागा भरा, त्याची झोप का कापता? १० तासांची ड्यूटी १९७३ च्या लोको संपात कबूल झाली होती, आपण अजून ११ वर वाद घालतोय. आणि अपघात झाला की बोट कुणाकडे जातं? १७ जून २०२४, रंगापाणी. मालगाडी कांचनजंगा एक्सप्रेसवर आदळली, तिचा लोको पायलट गेला, आणि त्याच दिवशी ठपका त्याच्यावर. पुढं रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निघालं, सिग्नल ओलांडायला त्याला दिलेलं परवानगीपत्रच चुकीचं होतं.

निवृत्त_कंट्रोलर:
रंगापाणीचं मान्य, घाई झाली. पण तो कागदाचा आणि ट्रेनिंगचा दोष. त्याला सुट्टीच्या मागणीशी जोडू नका.

अहिराणी_गडी:
मन्हा काका मालगाडीवर व्हता. दिवाई कधी उनी, कधी गई, त्याले समजेच ना. सायेब, लूपमा गाडी उभी ऱ्हास, तिनामा मानूसबी ऱ्हास ना भो!

केळीवाला_रावेर:
काकाचं वाईट वाटलं. तरी आज भरती केलेला सहायक लोको पायलट मालगाडी स्वतः चालवेपर्यंत काही वर्षं जाणार. तोवर माझ्या घडांचं काय करू, ते कुणीच सांगत नाही.

लाइनवाल्याची_बायको:
दादा, तुमचा रेक नेणाऱ्याची झोप पुरी झालेली तुम्हाला चालेल ना? मग भरतीसाठी तुम्हीही ओरडा. आमचं एकट्याचं कोण ऐकतंय.