काब द रामचा सडा: रानफुले आणि समुद्री गरुड एकाच फेरीत दिसतील का?

प्रश्न
गणेश चवथीनंतर आई-बाबांना घेऊन गोव्याच्या काणकोण तालुक्यातील काब द रामचा किल्ला आणि भोवतालचा सडा (जांभा दगडाचे सपाट पठार) पायी फिरण्याचा विचार आहे. आईला रानफुलांची आवड आहे, तर बाबांना समुद्री गरुड आणि डॉल्फिन पाहायचे आहेत. दोन्ही एकाच फेरीत साधेल का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर
फुलांसाठी हा काळ उत्तम आहे. मात्र इथली बरीच फुले वीतभरही उंच नसल्यामुळे जागोजागी खाली बसूनच पाहावे लागते. जांभ्यावरील मातीचा थर पातळ आणि पोषणद्रव्यांनी गरीब असतो, म्हणूनच पाणी झिरपणाऱ्या उथळ खळग्यांत कीटकभक्षी वनस्पती तग धरतात. सीतेची आसवे ही निळी-जांभळी फुले दिसली, तर ओल्या मातीत दडलेल्या त्यांच्या बारीक पिशव्या सूक्ष्म जीव आत ओढून घेतात, हे आईंना जरूर सांगा (पिशव्या पाहण्यासाठी रोप उपटू मात्र नये). जवळच्या गवतात दवबिंदू ही दुसरी कीटकभक्षी वनस्पती शोधावी. तिच्या पानांवरील चिकट थेंब कोवळ्या उन्हात चमकतात. गेंदाची पांढरी, गोल फुले आणि तेरडा सहज ओळखू येतील.

दुसरे उत्तर
बाबांच्या बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. समुद्री गरुड आपल्या किनाऱ्यावर बाराही महिने असतो. पांढरे डोके व पोट, राखाडी पाठ आणि पाचरीसारखी आखूड शेपटी ही त्याची खूण. तांबूस पंखांची ब्राह्मणी घार पाहून अनेकजण फसतात. डॉल्फिनचे तसे नाही. कुबड असलेले डॉल्फिन किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात वावरत असले, तरी पावसाळी लाटांत त्यांची पाठ दिसणे कठीण. त्यासाठी समुद्र शांत झाल्यावर, नोव्हेंबरनंतर, पुन्हा यावे. दोन्ही वेळा सकाळच गाठावी, कारण समुद्र पश्चिमेला असल्याने तेव्हा ऊन पाठीशी असते. संध्याकाळी सूर्यास्ताला गर्दी होते खरी, पण पाण्यावरच्या झळाळीत पक्षी नुसते काळे दिसतात.

तिसरे उत्तर
ज्येष्ठ मंडळी सोबत आहेत म्हणून सुचवतो: शेवाळलेल्या जांभ्यावर पाय घसरतो आणि कड्याचा काठ खालून पोखरलेला असू शकतो, तेव्हा काठापासून दूर थांबून दुर्बिणीनेच पाहावे. सड्यावरच्या दगडांखाली फुरसे हा विषारी साप असण्याची शक्यता असल्यामुळे फुलांपाशी बसण्यापूर्वी जागा काठीने तपासावी.