जेनेटिक काउन्सेलिंगला जाऊ का नको? डोकं भणभणायलंय

पेठकरीण:
वय ४१, ब्रेस्ट कॅन्सर, ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनच्या गोळ्या लागू पडत नाहीत तो प्रकार. ऑपरेशन झालं, किमो संपत आलीय. आता डॉक्टर म्हणतायत एवढ्या कमी वयात झालाय तर जेनेटिक काउन्सेलिंगला जा आणि बीआरसीए टेस्ट करा, म्हणजे घराण्यातनं येणारा जनुकातला दोष आहे का ते बघायची टेस्ट. माझ्या आत्यालापण चाळिशीतच झालावता, तेव्हा घरात नाव पण घ्यायचे नाहीत, नुसतं "गाठ" म्हणायचे. किमोला एवढी भ्याले नाही खरं ह्या टेस्टला भ्यालेय. लेक नववीत आहे, धाकट्या बहिणीला स्थळं बघायचं चाललंय, मावशी म्हणती हे आत्ताच कशाला काढतीस. सासूबाई तर बोलून मोकळ्या, "म्हणजे हे माहेरचंच म्हणायचं". रात्री लेकीकडं बघितलं की वाटतं मीच दिलं की काय हिला. कुणी गेलंय का? जाऊन डोकं शांत होतं का आणखी बिघडतं?

माहेर_कसबा_बावडा:
ताई, मी पुण्यात हेच काम करते. आधी एक, काउन्सेलिंगला गेलात म्हणजे टेस्ट करायलाच पाहिजे असं काही नाही, ऐकून घरी येता येतं. १०० पैकी ५ ते १० ब्रेस्ट कॅन्सरच असे घराण्यातून येतात. आत्या म्हणजे वडिलांकडची बाजू, आणि हा दोष बापाकडून पण तेवढाच येतो, ज्याच्यात दोष आहे त्याच्याकडून पोरात यायची शक्यता, मुलगा असो मुलगी असो, प्रत्येक वेळी ५० टक्के. त्यात तुम्ही काय केलंत किंवा नाही केलंत ह्याचा संबंधच नाही. लेकीची टेस्ट १८ च्या आत करत नाहीत, त्यामुळे तिला आज काहीही ठरवायचं नाहीये.
मनाचं विचाराल तर पॉझिटिव्ह आल्यावर पहिले काही महिने बायका हलतात, रडू, झोप उडणं, पण बहुतेकींचं वर्षभरात सावरतं. आधी डिप्रेशन झालेलं असेल, पोरं लहान असतील तर जास्त जड जातं, ते पहिल्याच भेटीत सांगा. आणि फार लांबवू नका, बीआरसीए निघालं तर पुढची औषधं बदलू शकतात.

शाहूपुरी_काकी:
मी गेल्तो बघ. कागदावर घराण्याचा तक्ता काढत्यात, बायकांना गोल, पुरुषांना चौकोन, कॅन्सर झालेला की काळा करायचा. आई, मावशी, मी, तीन काळे गोल एका रेघेत बघितल्यावर घशाला कोरड पडली. खरं त्या बाईनं घाई केली नाही, पाणी दिलं, म्हणाली आज इथंच थांबूया.
बीआरसीए २ निघालं. मला रिपोर्टचा त्रास कमी झाला, सांगायचा जास्त. भाऊ म्हणाला आम्हा गड्यांना काय त्याचं. आता त्याला कोण सांगणार की प्रोस्टेटचा धोका वाढतोय आणि गड्यांनापण ब्रेस्ट कॅन्सर होतोय! पुढं तिथं कॅन्सर होऊ नये म्हणून अंडाशय काढले, अंगातनं वाफा, झोप नाही, चिडचिड नुसती. हे सगळं आधी खोदून खोदून विचार, आपणहून कोण सांगत नाही.

टाकाळ्यावरून:
मिसेसचा रिपोर्ट ना धड हो ना धड नाही असा आला, व्हीयूएस म्हणतात, म्हणजे जनुकात बदल दिसतोय पण तो घातक आहे का ते अजून कळलेलं नाही. आम्हाला वाटलं पॉझिटिव्हच. ती रात्रभर मोबाईलवर वाचत बसायची, शेवटी परत अपॉइंटमेंट घेतली तर सांगितलं की त्यावरून ऑपरेशनबिपरेशन ठरवायचं नाही, असले बहुतेक बदल पुढं निरुपद्रवीच निघतात. एकटं जाऊ नका, निम्मं ऐकूच येत नाही. टाटाचं खारघरला कॅन्सर जेनेटिक्सचं क्लिनिक आहे, रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं कळंबोलीला उतरलं की जवळ.

पेठकरीण:
सगळ्यांना थँक्यू. बाबांना आज सांगितलं, ते एवढंच म्हणाले मी येतो बरोबर. बहिणीला रिपोर्ट आल्यावर सांगते, स्थळाचं तिचं ती ठरवेल, मावशीला मधे घेत नाही. काकी, तुमच्या भावाचं काय झालं मग?

शाहूपुरी_काकी:
अजून फोन उचलत नाही. मी वहिनीला सांगून टाकलंय, दोन पोरी हायत तिला.