सहलीला स्वमग्न मुलाला न्यायचंय, तो पाण्याकडे धावेल याची भीती वाटते

शाळेतली_बाई (राजापूर तालुका):
आमची सहल डिसेंबरात आहे. सकाळी रत्नागिरीचं मत्स्यालय, तिथून आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे, संध्याकाळी परत. 38 मुलं आणि आम्ही चौघं. पाचवीत एक स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा आहे. दोन-तीन शब्द बोलतो, हाकेला ओ देत नाही आणि पाणी दिसलं की सुटतो. शाळेच्या नळावरून त्याला आणायला रोज कुणीतरी जावंच लागतं. मुख्याध्यापक म्हणतात, आई येत असेल तर न्या, नाहीतर राहू दे. आई काजूच्या कारखान्यात रोजंदारीवर आहे, तिचा दिवस बुडतो. गेल्या वर्षी तो आला नाही. दुसऱ्या दिवशी मुलं आणलेले शिंपले मांडून बसली होती आणि हा एकेक शिंपला कानाला लावून परत जागच्या जागी ठेवत होता. यंदा मला त्याला न्यायचंच आहे. पण विचार केला की छातीत धस्स होतं. ज्यांनी नेलंय त्यांनी कृपया सांगा.

गुहागरची_आई:
बाई, माझा मुलगा आता 14 वर्षांचा आहे. दुसरीत असताना सहलीत दिसेनासा झाला होता, म्हणून सविस्तर लिहिते.

देवळात आरती सुरू झाली, नगारा आणि घंटा एकदम. हा कान दाबून बाहेर पडला. प्रत्येक शिक्षकाला वाटलं, दुसऱ्याजवळ असेल. पंगतीत त्याचं पान रिकामं दिसलं तेव्हा कळलं. मग सगळे नावाने ओरडत आवारात, दुकानांत, गाडीत शोधत राहिले. तो होता किनाऱ्यावर. तिथे एक मावशी मासळी निवडत बसल्या होत्या. त्यांनी नाव-गाव विचारलं, उत्तर नाही. नजर पाण्याकडे लागलेली बघून त्यांनी तांब्याने त्याच्या हातावर पाणी ओतायला सुरुवात केली. तांब्या संपला की बादलीतून परत भरायचा. शिक्षक पोचेपर्यंत त्या ओतत होत्या आणि हा हात उताणा-पालथा करत उभा होता. ओढून धरलं असतं तर हिसडा देऊन पळाला असता. त्या मावशींचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

तो कशाला घाबरून निघतो आणि निघाला की कुठे जातो, हे दोन्ही बरोबरच्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत हवं. तुमच्या मुलाचं 'कुठे' तुम्ही लिहिलंच आहे. दिसला नाही की पहिली धाव पाण्याकडे, आवार नंतर. अमेरिकेतल्या पालकांच्या एका पाहणीत (2012) चार वर्षांवरच्या जवळजवळ निम्म्या स्वमग्न मुलांनी कधी ना कधी असं निघून जायचा प्रयत्न केला होता. तेव्हा 'आपलं लक्ष असेल तर काही होणार नाही' यावर विसंबू नका.

त्याच्यासाठी एकच माणूस नेमा आणि त्याच्याकडे दुसरं मूल देऊ नका. पाणी प्यायला जायचं असलं तरी 'हा आता तुमच्याकडे' असं तोंडाने म्हणायचं, समोरच्याने 'हो, माझ्याकडे' म्हटल्याशिवाय हलायचं नाही. फोन नंबर शर्टाच्या कॉलरला आतून पक्क्या शाईने लिहा. गळ्यातलं ओळखपत्र आमचा काढून फेकायचा. निघताना त्या दिवशीच्या कपड्यांत फोटो काढून ठेवा.

आणि पाण्यापासून त्याला तोडू नका हो. गाडी, मासे, जेवण, पाणी, परत गाडी, असे फोटो ओळीने लावून आठवडाभर रोज दाखवा. पाणी कधी येणार हे कळलं तेव्हा आमच्या मुलाची धडपड निम्म्याने कमी झाली.

होडीवाला (जयगड):
तारीख ठरायची असेल तर अष्टमीच्या आसपासची धरा. पुनवेला-अवसेला उधाण असतं आणि पूर्ण भरती दुपारी बाराच्या सुमाराला, नेमकी पोरं किनाऱ्यावर असतील तेव्हा. आमचा हिशेब तिथीच्या पाऊणपटीचा, तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ. अष्टमी म्हणजे सहाला भरती, म्हणजे बाराला ओहोटी, आणि भांगाचं पाणी, म्हणजे भरतीही कमी चढते. तरी गाफील राहू नका. गणपतीपुळ्याच्या पाण्याला ओढ आहे, पोहणारी माणसंही तिथे गेली आहेत. घोट्याच्या वर पाणी नको, आणि मोठा माणूस समुद्राच्या बाजूला उभा हवा, पोराच्या मागे नव्हे.

विशेष_शिक्षक (चिपळूण):
मुख्याध्यापकांना 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 16 दाखवा. खेळ आणि करमणुकीची संधी इतर मुलांच्या बरोबरीने द्यायची, असं त्यात स्पष्ट आहे, आणि कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. पण भांडायला जाऊ नका, बरोबर पाचवा माणूस घेऊन जा. शाळा व्यवस्थापन समितीत विचारा. त्या मुलाच्या ओळखीचं कुणी असेल तर उत्तम, नवा माणूस त्या दिवशी नको. मत्स्यालयात त्याला सगळ्यांच्या शेवटी आत न्या. काचेसमोरून तो लवकर हलणार नाही, मागून रेटारेटी नसावी.

शाळेतली_बाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. समितीतले एक काका यायला तयार झालेत. त्यांच्या दुकानात तो रोज बरण्या मोजायला जातो, त्यांचा हात धरतो. पंचांग घेऊन बसलेय, मुख्याध्यापकांशी उद्या बोलते. ताई, पुळ्याला आरती किती वाजता असते?

गुहागरची_आई:
देवस्थानात आदल्या दिवशी फोन करून विचारा आणि ती वेळ टाळूनच आत जा. आणि काकांच्या पिशवीत एक तांब्या असू दे.