स्काउटचं ऐकायचं की कोचचं?

'स्काउट वर्षभर मैदानं पालथी घालतात, मग ड्राफ्टमध्ये शेवटचा शब्द त्यांचाच हवा' हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटलं. (स्काउट म्हणजे नवे खेळाडू हेरणारे; ड्राफ्ट म्हणजे संघ आळीपाळीने कॉलेजची पोरं निवडतात ती प्रक्रिया.) एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे, कोच हंगाम संपेपर्यंत स्वतःच्याच सामन्यांत अडकलेले असतात, कॉलेजची पोरं बघतात ती त्यानंतर, घाईघाईत. हे खरंच. पण पुढे दिग्गज क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) ठरलेला टॉम ब्रेडी घ्या, 2000 सालच्या ड्राफ्टमधला. 40 यार्ड पळायला 5.28 सेकंद, अंगाने एनएफएलच्या मानाने पाप्याचं पितर. पेट्रियट्स या संघाचे क्वार्टरबॅक कोच डिक रेबिन त्याला बघून आले आणि हाच घ्या म्हणाले. तरी संघाने आधी दुसरे 6 जण उचलले, ब्रेडी सगळ्या ड्राफ्टमध्ये थेट 199वा! म्हणजे कोचचं ऐकलं, पण बेतानंच. (रेबिन ऑगस्ट 2001मध्ये गेले. ब्रेडीचा पहिला सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) काही त्यांना बघायला मिळाला नाही.)